वाड्याचा निर्णय पावसावर सोपवू नये

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाजावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली, तेव्हा घरातल्या कोणालाही आश्चर्य वाटले नाही. त्याआधीच्या तीन पावसाळ्यांत मागच्या चौकाकडची कौले सरकली होती, माजघराच्या कडीपाटावर, म्हणजे लाकडी छतावर, ओलीचे चट्टे उमटले होते आणि जिन्याच्या वरच्या पायऱ्या पाय ठेवताच करकरू लागल्या होत्या. दर वेळी कोणी ना कोणी "एवढा पावसाळा जाऊ द्या, मग बघू" असे म्हणाले होते आणि पावसाळा गेल्यावर कोणी काही बघितले नव्हते. प्रॉपर्टी कार्डावर मालक म्हणून अकरा नावे आहेत. त्यांपैकी चौघे हयात नाहीत आणि दोघे परदेशी असतात. भाडेकरू सहा. यांपैकी कोणीही वाडा पाडा असे लेखी म्हटले नव्हते, वाडा राखा असेही म्हटले नव्हते, आणि तरीही तो पाडण्याचा निर्णय जवळजवळ होऊन गेला होता.

जुने घर राखावे की पाडावे यावरचा वाद आपल्याकडे बहुधा दोन ठरलेल्या जागांवरून घातला जातो. एक बाजू सागवानी खांब, चौकातले तुळशी वृंदावन आणि चार पिढ्यांच्या आठवणी पुढे करते. दुसरी बाजू सामायिक संडास, अंधाऱ्या खोल्या, गाडी लावायची अडचण आणि चटईक्षेत्राचा हिशेब मांडते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र हा निर्णय कोण घेतो, कधी घेतो आणि घर खरोखर तपासून घेतो का, हा प्रश्न मला त्याआधीचा वाटतो. माझे म्हणणे असे आहे की आपल्या शहरांतल्या पुष्कळ जुन्या घरांच्या बाबतीत हा निर्णय माणसे घेतच नाहीत. दुरुस्ती ही कोणाचीच जबाबदारी उरत नाही, पाऊस घर आतून पोखरत नेतो, आणि जे होऊन गेलेले असते त्यावर वारस, बिल्डर आणि अधिकारी शेवटी फक्त सह्या करतात.

माणसांचा जीव सर्वांत आधी, याबद्दल दुमत असू नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईच्या भेंडीबाजार भागातली शतक ओलांडलेली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जण मृत्युमुखी पडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली हजारो माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्या घराखाली सापडून गेली. तिथल्या दगडमातीच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड होत्या, पण भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवणारे लांब बांधदगड त्यांत बहुधा नव्हते. वर माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढवलेले होते. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. ज्याने ती पहाट पाहिली, त्याला जुन्या घराचे गोडवे सांगायला मी कधीही धजणार नाही. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात सगळ्याच गावांना नव्या वसाहती मिळाल्या नाहीत. जिथे घरे तग धरून राहिली होती, तिथे भिंतींत आरपार बांधदगड बसवून आणि भिंतींना पट्टे घालून ती मजबूत करण्याचे कामही सरकारी कार्यक्रमातच झाले. घर कुठे कमजोर आहे हे नेमके कळले, तर उपाय नेमका करता येतो, याचा हा महाराष्ट्रातलाच अनुभव आहे.

शिवाय वय हे धोक्याचे माप आहे असे गृहीत धरणे महागात पडते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ ७४ जणांचा बळी घेणारी इमारत जुनी नव्हती. तिचे बांधकाम अजून चालू होते. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये कोसळलेली पाच मजली तारिक गार्डन जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. या दोन्ही ठिकाणी माणसे "नव्या" घराच्या भरवशावर राहिली होती. म्हणून घर किती जुने आहे हे विचारून भागत नाही. ते कशाने उभे आहे, कुठे कुजले आहे आणि ते कुजणे थांबवता येईल का, हे विचारावे लागते. आणि तसे विचारायचे तर ते घर कसे बांधले आहे याची जाण असणारा माणूस तिथे उभा असावा लागतो.

वाडा उभा असतो तो लाकडाच्या सांगाड्यावर. घडीव दगडाचे जोते, जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट, अशी त्याची रचना असते. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि वाड्याचा आकारही खणांतच मोजला जातो. भिंती या सांगाड्याच्या मधे भरलेल्या असतात. ही गोष्ट आमच्या घराने १२ जुलै १९६१ रोजी प्रत्यक्ष पाहिली. पानशेतचे धरण फुटून पुराचे पाणी वाड्यात शिरले आणि उतरले, तेव्हा मागच्या सोप्याची पांढऱ्या मातीची भिंत विरघळून तिचा चिखल चौकभर पसरला होता. पण खांब आणि तुळया जागच्या जागी होत्या आणि माडीवरची धान्याची कोठी जशीच्या तशी उभी होती. आजोबांनी त्याच खांबांच्या मधे भाजक्या विटांची भिंत घातली आणि त्या वर्षीची दिवाळी त्याच घरात झाली.

नोटिशीनंतर आम्ही रीतसर संरचना तपासणी करून घेतली. अहवाल बारा पानांचा आला. काँक्रीटची ताकद अजमावण्यासाठी जी हातोडी वापरतात ती वाड्याच्या गिलाव्यावर आपटून मिळालेले आकडे त्यात कोष्टकाने दिले होते. ज्या लाकडावर सगळे घर उभे आहे, त्याच्याबद्दल मात्र एकच वाक्य होते: "लाकडी भाग जुने व जीर्ण." शेवटी शिफारस होती की इमारतीचे आयुष्य संपले असल्याने ती उतरवून घ्यावी. मी त्या अभियंत्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्यांचे शिक्षण सिमेंट आणि लोखंडात झाले, आणि ज्या शिक्षणक्रमातून ते आले त्यात सागाच्या सांगाड्याला आणि चुन्याला फारशी जागा नाही. पण त्या एका वाक्यावर सहा बिऱ्हाडांचे छप्पर जाणार होते.

मग काकांनी भोरकडच्या एका वयस्कर सुताराला बोलावले. त्याने खालच्या मजल्यावरचे चौदाही खांब हातोडीच्या दांड्याने एकेक करून ठोकले आणि प्रत्येकाला कान लावला. अकरा खांबांचा आवाज खणखणीत आला, तिघांचा बद्द. त्या तिघांपैकी एकाच्या बुडाशी त्याने फरशी उचकटायला लावली. वर शहाबादी, तिच्याखाली सिमेंटचा कोबा, आणि त्याच्याही खाली वीतभर खोल तळखडा सापडला. खांब जमिनीच्या ओलीपासून वर राहावा एवढ्यासाठीच बांधणाऱ्याने तो दगड ठेवला होता. सत्तरच्या दशकात शेजारी मोरी काढताना जमीन उंच करून फरशी घातली गेली, खांबांची बुडे कोब्यात गाडली गेली, आणि तेव्हापासून मोरीचे आणि पुसण्याचे पाणी तिथे जिरत राहिले. पटाशीचे टोक मनगटाच्या जोराशिवाय आत गेले आणि काळपट भुसा बाहेर आला. वीतभर वर त्याच पटाशीने ढलपी काढली, तर आतले लाकूड कोरडे आणि पिवळेधमक होते. तो काकांना म्हणाला, "अण्णा, वाड्याला काही झालं नाही. तुम्ही त्याचे पाय पाण्यात ठेवलेत."

हे एका खांबापुरते नाही. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला ओल सोडायला वाव लागतो; तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की आत शिरलेले पाणी आतच कोंडते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके तिथे कुजतात. जुनी घरे पडतात त्यामागे पुष्कळदा आपण अलीकडे केलेल्या अशा दुरुस्त्या असतात, आणि दोष मात्र घराच्या वयाला दिला जातो. अहवालात जीर्ण ठरलेले तेच लाकूड वाडा उतरवल्यावर लाकूड बाजारात चांगल्या किमतीला जाते आणि त्याचे दारे-चौकटी, झोपाळे आणि टेबले होतात. जे लाकूड आणखी पन्नास वर्षे फर्निचर म्हणून टिकणार आहे, ते जागच्या जागी खांब म्हणून का टिकणार नाही, हा प्रश्न प्रत्येक मालकाने सही करण्यापूर्वी विचारायला हवा.

आता दुरुस्ती कोणी करायची, याकडे वळू. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला घराबाहेर काढले जाऊ नये हा त्यामागचा हेतू योग्यच होता, पण भाडे त्यानंतर अनेक दशके जवळजवळ तिथेच थांबले. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पण मुळातच नगण्य असलेल्या रकमेवर चार टक्के वाढून हाती काय येणार? आमच्याकडे एका दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाचे भाडे आजही महिन्याला शंभर रुपयांच्या आत आहे. घर दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कायदा मालकावर टाकतो. मालकाने ती पाळली नाही, तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय त्यात आहे. अट एवढीच, की अशी वळती रक्कम वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. आमच्या त्या बिऱ्हाडाच्या बाबतीत ही रक्कम वर्षाला तीनशे रुपयांच्याही आत येते. तेवढ्यात सिमेंटचे एक पोतेही येत नाही, मग सागाचा खांब जोडणे दूरच राहिले. अशा भाड्यात मालकाला घर राखणे परवडत नाही, भाडेकरूला राखण्याचा अधिकार नावापुरता उरतो, आणि दोघांच्या मधे उभा असलेला वाडा भिजत राहतो.

याहून अवघड गाठ विश्वासाची आहे. धोकादायक इमारतींची वर्गवारी कायद्याच्या चौकटीत आज चार प्रकारांत होते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे माणसे आत असताना दुरुस्ती करायची. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. म्हणजे पाडण्याखेरीज तीन वाटा यंत्रणेनेच आखून दिलेल्या आहेत. पण भाडेकरूला भीती असते की एकदा खोली सोडली की परत आत येणे नाही, आणि ही भीती निराधार म्हणता येणार नाही. पेठांतल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत कोणाचा तरी तसा अनुभव ऐकायला मिळतो. पालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे, पण तो हक्क बजावायला पुन्हा न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. त्यामुळे भाडेकरू खोली सोडत नाही. खोली सुटत नाही म्हणून मोठी दुरुस्ती होत नाही, आणि सी-२ए मधले घर दोन-तीन पावसाळ्यांत सी-१ मध्ये जाते. मग मात्र कोणालाच काही ठरवायचे उरत नाही.

सगळ्यांना हवे असलेले घरसुद्धा अशाच रीतीने हातचे जाते, याचे उदाहरण बुधवार पेठेतला भिडे वाडा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये तिथे मुलींची शाळा सुरू केली. त्या जागेच्या महत्त्वाबद्दल महाराष्ट्रात कोणाचाही वाद नव्हता. स्मारक व्हावे असे सर्व पक्षांचे म्हणणे होते. पण गाळेधारक, मालकी आणि भूसंपादन यांचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला आणि त्या काळात इमारतीची पार रया गेली. सर्वोच्च न्यायालयातून मार्ग मोकळा झाल्यावर डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पालिकेने ती उतरवली. तिथे उभे राहणारे स्मारक मोठे आणि देखणे होवो, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण ज्या जिन्याने त्या मुली चढल्या, तो वेळेत कोणी वाचवला असता तर त्याच्या शेजारी दुसऱ्या स्मारकाची गरज कितीशी भासली असती?

याच पुण्यात याच्या उलट उदाहरणही आहे. १८७९ च्या मे महिन्यात लागलेल्या आगींत पेशव्यांचा बुधवार वाडा आणि दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबाग वाडा हे दोन्ही होरपळले. बुधवार वाडा कायमचा गेला. विश्रामबागेचा जळालेला भाग मात्र पुन्हा बांधून काढला गेला आणि त्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे सुरूदार खांब आजही रस्त्यावरून दिसतात. तिथे पुढे शाळा भरली, महाविद्यालय भरले, पालिकेची कचेरी चालली. वाडा वापरात राहिला म्हणून त्याची डागडुजी होत राहिली, हे मला त्या इमारतीच्या कोरीवकामाइतकेच मोलाचे वाटते. कुलूप लावून राखलेल्या घरावर मात्र पाऊस आणि वाळवी यांचाच ताबा राहतो.

याचा अर्थ प्रत्येक जुने घर राखावे असा मी करत नाही. माझ्या आईने पंचवीस वर्षे चौकातल्या नळावरून माडीपर्यंत पाणी वाहून नेले आणि बाळंतपणातही तिला संडासासाठी दोन चौक ओलांडावे लागले. वाडा पाडावा असे तिचे मत होते आणि ते तिने कधी लपवले नाही. तिला आठवणींची किंमत कळत नव्हती असे कोणी म्हटले, तर मी ते सहन करणार नाही. ज्या घरात राहणाऱ्या बाईची कंबर रोज मोडते, ते घर दुसऱ्या कोणाच्या अभिमानासाठी आहे तसे उभे ठेवणे हा अन्याय आहे. सांगाड्याचाच मोठा भाग गेला असेल, किंवा दुरुस्त करूनही स्वच्छ पाणी, उजेड आणि संडास देता येत नसतील, तर घर उतरवावे. फक्त त्याआधी त्याची मोजमापे घ्यावीत, नकाशे काढावेत, छायाचित्रे ठेवावीत आणि राहणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नव्या जागेचा नोंदणीकृत करार असावा.

आमच्या घरात शेवटी मधला मार्ग निघाला. त्यासाठी हयात मालकांच्या आणि बाकीच्यांच्या वारसांच्या सह्या गोळा करायला सव्वा वर्ष गेले. सर्वांत धोकादायक भाग मागचा निघाला, आणि तो वाड्यातला सर्वांत नवा भाग होता: पूर ओसरल्यानंतर लोखंडी गर्डर घालून वाढवलेल्या चार खोल्या. त्यांचे गर्डर गंजून फुगले होते आणि छताचे पोपडे सुटत होते. तो भाग आम्ही उतरवला आणि त्या जागेत प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र न्हाणीघर व संडास बांधला. पुढचा दुचौकी भाग राखला. तीन खांबांची बुडे कापून त्यांना नव्या सागाचे जोड दिले, खालची फरशी उतरवून तळखडे पुन्हा उघडे केले, सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. भाडेकरूंशी लेखी करार केला की एका वेळी दोनच बिऱ्हाडे हलतील आणि त्यांची खोली तयार झाल्याशिवाय पुढची दोन हलणार नाहीत. भाडे वाढवायला ते आपणहून तयार झाले. आईने खालच्या सोप्यात स्वयंपाकघर घेतले.

हे आम्हाला जमले त्याला कारण म्हणजे काका चिकाटीचे निघाले आणि घरात थोडी बचत होती. इतक्या योगायोगांवर शहराचे धोरण चालू शकत नाही. धोकादायक म्हणून नोटीस बजावण्यापूर्वी लाकूड आणि चुना जाणणाऱ्या कारागिराची तपासणी सक्तीची करणे, दुरुस्तीसाठी कमी व्याजाचे कर्ज देणे, दुरुस्त केलेल्या घराला मिळकत करात सवलत आणि भाड्यात वाजवी वाढ देणे, आणि दुरुस्तीच्या काळात हललेल्या भाडेकरूला परत येण्याची हमी पालिकेनेच लिहून देणे, एवढे तरी करता येण्यासारखे आहे. वारसा यादीत असलेल्या इमारतींसाठी विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे तिथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, तरतूद नियमांत आहे. पण यादीत नसलेल्या, कोणा थोराचे नाव न लागलेल्या साध्या वाड्याला तिचा उपयोग नाही, आणि पेठा बनल्या आहेत त्या अशाच साध्या वाड्यांच्या. शहराला त्यांचा अभिमान वाटत असेल, तर त्या राखण्याचा काही भार शहराने उचलावा. सगळा भार ऐंशी रुपये भाडे घेणाऱ्या एका म्हाताऱ्या मालकावर टाकायचा आणि त्याने बिल्डरच्या करारावर सही केली की त्यालाच नावे ठेवायची, हे न्यायाचे नाही.

आमच्या वाड्याची शाकारणी आता दर वर्षी मे महिन्यात होते. कौले उतरवून, फुटकी बाजूला काढून, रिपांची ओल हाताने चाचपून ती पुन्हा चढवायला दोन माणसांना चार दिवस लागतात. भोरचे ते सुतार आता शिडी चढत नाहीत. गेल्या वर्षापासून ते आपल्या नातवाला पाठवतात आणि स्वतः चौकात खुर्ची टाकून, कोणत्या खांबावर ठोकायचे ते त्याला खालून सांगतात.